गावातील जुने शिवमंदिर ‘राज्य संरक्षित स्मारक’ करावे काय? पुरातत्त्व विभाग नेमके काय करतो?

कादवाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे गाव निफाड तालुक्यात, कादवा नदीपासून थोड्या अंतरावर आहे. गावठाणाच्या पूर्व टोकाला काळ्या दगडातील एक शिवमंदिर असून त्याचा गाभारा, अंतराळ (गाभारा व सभामंडप यांच्यामधला भाग) आणि खांबांचा सभामंडप मूळचा आहे; शिखराचा वरचा भाग मात्र विटा-चुन्याचा आणि बराच नंतरचा दिसतो. समोर बारव आहे. तिच्या पायऱ्या शाबूत असल्या तरी तळाशी गाळ आणि प्लास्टिक साचले आहे व एका कोनाड्यात कधीकाळी पाण्याच्या मोटरीसाठी सिमेंटचा ओटा बांधलेला आहे. पारावरच्या लिंबाला टेकवून काही वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, उभे केले आहेत आणि त्यांच्यावर दर वर्षी शेंदराचा नवा थर चढतो. अलीकडे पावसाळ्यात गाभाऱ्यात थेट पिंडीवर पाणी ठिबकते आणि शिखराच्या खांद्यावरचा पिंपळ मनगटाएवढा जाड झाला आहे.

गावात आता जीर्णोद्धाराची चर्चा सुरू आहे. एका ठेकेदाराने दिलेल्या अंदाजपत्रकात बाहेरून सँडब्लास्टिंग, दगडांच्या सांध्यांत सिमेंट, शिखराला सिमेंटचा गिलावा व रंग, सभामंडपात ग्रॅनाइट आणि पुढे आरसीसी स्लॅबचा मोठा मंडप अशी कामे धरली आहेत. वर्गणी जमू लागली आहे आणि लोकप्रतिनिधींच्या निधीचेही आश्वासन मिळाले आहे. आम्हा काही जणांचे म्हणणे असे की, हे काम सुरू होण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला कळवावे. त्यावर ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप असा की, खात्याची निळी पाटी लागली की देव आपला राहत नाही, पूजेला परवानगी घ्यावी लागते, शंभर मीटरच्या आत कोणाला घर बांधता येत नाही आणि इतके सगळे सोसूनही खाते एक दगड हलवत नाही.

यातले खरे किती आणि ऐकीव किती, हे जाणकारांनी सांगावे. अर्ज नेमका कोणाकडे करायचा, विश्वस्त मंडळाचे अधिकार काय राहतात, खर्च कोण करते आणि निर्णय होईपर्यंत गळक्या गाभाऱ्याचे काय करायचे, हे माझे मुख्य प्रश्न आहेत.

निवृत्त संवर्धक यांचे उत्तर

मी सेवाकाळात स्मारकांच्या जतनाच्या कामाशी संबंधित होतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट, ‘पुरातत्त्व खाते’ एक नाही, दोन आहेत, आणि आपल्या ज्येष्ठांचे निम्मे आक्षेप या दोहोंच्या सरमिसळीतून आलेले आहेत. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली स्मारके केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात आणि त्यांना १९५८चा केंद्रीय कायदा लागू होतो. उरलेली प्राचीन स्मारके हा घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्याचा विषय आहे. त्यासाठी महाराष्ट्राचा १९६०चा प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम आहे आणि त्याची अंमलबजावणी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय करते. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर पांडवलेणी, सिन्नरचे गोंदेश्वर, झोडगे येथील माणकेश्वर, अंजनेरीची मंदिरे आणि खुद्द त्र्यंबकेश्वर ही केंद्राची स्मारके आहेत. सुंदरनारायण मंदिर, सराफ बाजारातील सरकारवाडा आणि बागलाणातील साल्हेर किल्ला ही राज्याची. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्य संरक्षित आहेत. यावरून राज्याच्या यादीत दुय्यम दर्जाची स्मारके टाकतात, हा समज सोडून द्यावा. महाराष्ट्रात केंद्र संरक्षित स्मारके पावणेतीनशेहून अधिक आणि राज्य संरक्षित साडेतीनशेहून अधिक आहेत. एवढ्या मोठ्या राज्यात ही संख्या फारच थोडी आहे आणि आपल्यासारखी शेकडो मंदिरे दोन्ही याद्यांच्या बाहेर आहेत.

शंभर मीटरचा जो धाक दाखवला जातो, तो २०१०च्या केंद्रीय दुरुस्तीचा आहे. तीत केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र ठरवले आहे. राज्य संरक्षित स्मारकाला ती दुरुस्ती आपोआप लागू होत नाही. तेथील बंधने राज्याचा कायदा, त्याखालील नियम आणि त्या स्मारकाची अधिसूचना यांवरून ठरतात. म्हणून अधिसूचनेच्या मसुद्यातील गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवाव्यात. पुढे होणारे बहुतेक तंटे या चार ओळींकडे कोणी वेळेवर न पाहिल्याने होतात.

अर्ज कोणाकडे, याचे उत्तर सोपे आहे. संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्यात असून नाशिकच्या सहायक संचालकांचे कार्यालय सरकारवाड्यात आहे. तेथे ग्रामसभेचा ठराव, विश्वस्त मंडळाचे संमतिपत्र, जागेचा अभिलेख, स्थळदर्शक नकाशा, सर्व बाजूंची छायाचित्रे आणि मंदिराची दोन-तीन पानी माहिती जोडून प्रस्ताव द्यावा. त्यानंतर अधिकारी स्थळपाहणी करतात, वास्तूचा काळ, शैली, शिल्लक मूळ भाग आणि झालेले बदल यांची नोंद घेतात आणि संरक्षणास पात्र आहे की नाही, याचा अहवाल वर पाठवतात. शासनाला तो पटला तर प्राथमिक अधिसूचना निघते, तिची प्रत स्मारकाजवळ लावली जाते आणि हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना काढायची की नाही, हे शासन ठरवते. तेव्हा रातोरात पाटी लागून मंदिर गेले, असे कायद्याने होऊ शकत नाही.

मालकीचेही तसेच आहे. संरक्षित घोषित होणे म्हणजे संपादन नव्हे. मालक किंवा विश्वस्त आपल्या जागी राहतात आणि विभाग त्यांच्याशी करार करू शकतो किंवा पालकत्व स्वीकारू शकतो. संपादन ही निराळी आणि क्वचित होणारी कारवाई आहे. त्र्यंबकेश्वर केंद्राकडे असूनही तेथील नित्यपूजा आणि देवस्थानचा कारभार चालूच आहे, हे उदाहरण आपल्या ज्येष्ठांना रोज डोळ्यांसमोर दिसते. बदल होतो तो एवढाच की, वास्तूवर काही बांधणे, पाडणे, खोदणे, रंगवणे हे विभागाच्या परवानगीवाचून करता येत नाही. मंदिराच्या भिंतीत खिळा ठोकून पंखा लावण्याची सवय असलेल्या विश्वस्तांना हे जाचक वाटते, त्याला इलाज नाही.

आता खर्चाबद्दल, कारण येथेच अपेक्षाभंग होतो. अंतिम अधिसूचना ही दुरुस्तीची मंजुरी नसते. ती निघाल्यावर विभाग स्मारकाला कायदेशीरपणे जबाबदार होतो, पण काम होण्यासाठी वेगळी वाट चालावी लागते. संवर्धन वास्तुविशारदाकडून मोजमापांसह आराखडा तयार होतो, अंदाजपत्रकाला तांत्रिक व प्रशासकीय मान्यता लागते, निधीची तरतूद व्हावी लागते आणि मग निविदा व कार्यादेश. जिल्हा वार्षिक योजनेतील ३ टक्के निधी आता गड-किल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांच्या जतनासाठी ठेवण्याची तरतूद आहे, त्यामुळे नियोजन समितीकडेही पाठपुरावा करता येतो. संरक्षित स्मारकाच्या देखभालीसाठी बाहेरच्या संस्थांना सहभागी करून घेणारी ‘महाराष्ट्र वैभव’ ही संगोपन योजनाही आहे, पण खेड्यातल्या मंदिराकडे देणगीदार वळत नाहीत, ते किल्ल्यांकडे जातात. एकूण काय, खाते एक दगड हलवत नाही हा आरोप खरा नाही. पण तो दगड लवकर हलत नाही, हे मात्र खरे आहे. कामाचे स्वरूपही याला काही अंशी कारण आहे. १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेल्या सुंदरनारायण मंदिराचे झिजलेले दगड उतरवून त्या जागी घडीव दगड बसवण्याचे राज्य पुरातत्त्व विभागाचे काम किती काळ चालले, हे नाशिककरांनी होळकर पुलावरून येता-जाता पाहिले आहे. दगड एकेक करून उतरवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, त्याची नक्षी उतरवून घ्यायची आणि त्याच घडणीचा नवा दगड त्याच जागी बसवायचा, हे स्लॅब टाकण्यासारखे पंधरवड्यात उरकत नाही.

माझे मत विचाराल तर बारव, वीरगळ आणि मूळ सभामंडप एकत्र असलेले आपले स्थळ प्रस्तावास योग्य वाटते. पण प्रस्ताव दिला म्हणून गळती थांबणार नाही, आणि प्रस्तावाच्या आधी सिमेंट चढले तर पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला नोंदवण्यासारखे फार काही उरणार नाही.

चुनाकाम यांचे उत्तर

वरील उत्तरात कायद्याची बाजू पुरेशी आली आहे, म्हणून मी केवळ ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाविषयी लिहितो. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो आणि ते अंदाजपत्रक वाचून काळजी वाटली.

सँडब्लास्टिंग कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नये. दाबाने मारलेली वाळू मळाबरोबर दगडाचा वरचा थरही नेते. शिल्पाची नाक-डोळ्यांची कड, खांबावरची बारीक पाकळी आणि एखादा अक्षरांचा अस्पष्ट लेख असेल तर तोही कायमचा जातो. त्यानंतर खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर धूळ आणि शेवाळ पूर्वीपेक्षा लवकर बसते. ऑइलपेंट काढायचा असेल तर तो रासायनिक जतनाच्या जाणकाराने आधी तळहाताएवढ्या, कोपऱ्यातल्या जागेवर प्रयोग करून, दगडाला काही होत नाही असे पाहून मगच काढायचा असतो.

सिमेंटचा प्रश्न असा आहे की, ते दगडाशी आणि चुन्याशी जुळत नाही. जुन्या बांधकामात पाणी शिरते आणि चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेरही पडते. सिमेंट भरल्यावर ती वाट बुजते, ओल आतच कोंडते आणि तिच्यासोबत सिमेंटमधले क्षार दगडाच्या कडेशी जाऊन सुकताना पापुद्रे सोडवतात. विटांच्या शिखरावर सिमेंटचा गिलावा तर काही वर्षांतच पोकळ वाजू लागतो, कारण आतली वीट फुगते-आकसते आणि बाहेरचे कवच ताठ राहते. त्याच्या मागे मुरलेले पाणी मग गाभाऱ्यात उतरते. आपल्या शिखरावर आधीच कोठे सिमेंटची डागडुजी झाली आहे काय, हे पाहून सांगावे; अनेकदा गळतीचे मूळ पिंपळाइतकेच त्या डागडुजीत असते.

चुन्याचे काम आजही होते आणि त्यासाठी कारागीर मिळतात. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरू द्यावा लागतो, मग चुना दळण्याच्या घाण्यात वाळू आणि विटांच्या भुकटीसह, म्हणजे सुरखीसह, दळावा लागतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी हे जुने मिश्रण अजूनही वापरले जाते, पण त्याचे प्रमाण ऐकीव माहितीवरून ठरवू नये; जुन्या चुन्याचा नमुना तपासून ठरवावे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कडक होतो, म्हणून ताजे काम ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावे लागते आणि भर पावसात किंवा वैशाखाच्या उन्हात ते करू नये. आपल्याकडे पाऊस ओसरल्यापासून फाल्गुनापर्यंतचा काळ त्याला चांगला.

पिंपळाविषयी एक सूचना. तो कोणी उत्साहाच्या भरात उपटू नये किंवा मुळात ॲसिड ओतू नये. मनगटाएवढे मूळ ओढले तर त्याच्यासोबत शिखराचा खांदा खाली येईल आणि ॲसिडने चुनाच विरघळेल. फांद्या छाटून वजन आणि वाऱ्याचा ताण कमी करावा, नवी पालवी आली की पुन्हा छाटावी. मुळे काढणे हे सांधे उकलून, दगडांना आधार देऊन करण्याचे काम आहे. छपरावर साचणारा पालापाचोळा, माती आणि बुजलेले पन्हळ मात्र गावाने उद्या साफ केले तरी हरकत नाही. गळती पूर्ण थांबली नाही तरी तेवढ्याने बरीच कमी होईल, असा माझा अनुभव आहे. उरलेल्या पावसासाठी शिखरापासून सुटी, बांबूंच्या चौकटीवरची ताडपत्री बांधावी. दोर दगडी नक्षीला बांधू नयेत.

कादवाकाठ

दोन्ही उत्तरे बैठकीत वाचून दाखवली. शंभर मीटरबद्दलचा खुलासा ऐकून आसपासची घरे असलेल्या मंडळींचा सूर बराच निवळला. शिखराच्या मागच्या बाजूला सिमेंटचा एक मोठा पट्टा खरोखरच आहे आणि ठिबकणारी जागा साधारण त्याच्याच खाली येते.

दोन शंका उरल्या आहेत. मंदिर गावठाणात असल्याने सातबारा नाही, मग जागेचा अभिलेख म्हणून काय जोडावे? आणि दुसरे असे की, महाशिवरात्रीला बाहेर उन्हात रांग लागते, त्यामुळे पुढच्या मंडपाचा आग्रह सोडायला कोणी तयार नाही. त्यावर काही मध्यम मार्ग निघतो काय?

निवृत्त संवर्धक

गावठाणातील मिळकतीला सातबारा नसतोच. नगर भूमापन झाले असल्यास मालमत्ता पत्रक मिळेल. नसल्यास ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा, गावठाणाचा नकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घेतलेली मोजणी जोडावी. देवस्थानची नोंद १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात असेल तर तेथील परिशिष्टाचा उतारा सर्वांत उपयोगी पडतो. बारव आणि पार हे मंदिराच्याच मिळकतीत येतात की ग्रामपंचायतीच्या, हे आधी पाहून घ्यावे; ते सुटे राहिले तर उद्या केवळ मंदिर संरक्षित होईल आणि बारवेत पुन्हा कोणी मोटर बसवेल.

मंडपाचे म्हणाल तर तो मंदिराला जोडून नको, एवढेच पाहावे. आरसीसीचे खांब रोवण्यासाठी जोत्यालगत खड्डे घेतले की मूळ पाया उघडा पडतो आणि स्लॅबचे पाणी नेमके जोत्यात जिरते. बारवेच्या आणि जोत्याच्या हद्दीबाहेर, सणापुरता उभारून काढता येईल असा मांडव घातला तर भाविकांची सोय होते आणि वास्तूला धक्का लागत नाही. लोकप्रतिनिधींचा निधी या हद्दीबाहेर स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि वाहनतळ यांसाठी वापरता येईल. तो परत जाण्याची भीती असते म्हणूनच गावे घाईने स्लॅब टाकतात, हे मला ठाऊक आहे.

सिन्नर तालुक्यातील विश्वस्त यांचे उत्तर

मी एका लहान देवस्थानची विश्वस्त आहे आणि वरील दोन्ही जाणकारांबद्दल आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडते.

आमच्या मंदिराचे नूतनीकरण पूर्वीच्या मंडळाने लोकवर्गणीतून एका ठेकेदाराकडून करून घेतले. काम झाले तेव्हा गाव खूश होते, कारण मंदिर नवे दिसू लागले. आता गाभाऱ्याच्या भिंतींना बारा महिने ओल असते, सभामंडपातल्या चकचकीत फरशीवर पाणी जमून म्हाताऱ्या बायका घसरतात आणि द्वारशाखेवरच्या, म्हणजे दाराच्या नक्षीदार चौकटीवरच्या, वेली कोणत्या होत्या, हे जुन्या लग्नाच्या फोटोंत शोधावे लागते. ठेकेदाराने हमीच्या मुदतीनंतर फोन उचलणे बंद केले. आम्ही सिमेंट काढण्याबद्दल विचारणा केली, तेव्हा कळले की ते काढताना मूळ दगडाच्या कडा तुटतात, त्यामुळे काही ठिकाणी ते तसेच ठेवणेच कमी नुकसानीचे आहे.

पण म्हणून प्रत्येक मंदिराने राज्याच्या यादीत जाण्यासाठी धावावे, असे मला वाटत नाही. विभागाकडे तांत्रिक माणसे मोजकी असतात आणि स्मारके उत्तर महाराष्ट्रभर पसरलेली. यादी वाढली आणि माणसे तेवढीच राहिली तर प्रत्येक स्मारकाच्या वाट्याला येणारे लक्ष कमी होते. शिवाय मोठ्या नावाच्या स्मारकांकडे निधीचा ओढा असतोच. २०२१ साली राज्य मंत्रिमंडळाने प्राचीन मंदिरांच्या जतनासाठी केलेल्या योजनेत आमच्या गोंदेश्वराचे नाव आले, याचा आम्हाला आनंदच झाला. पण त्याच तालुक्यातल्या लहान मंदिरांना तेथवर पोहोचायला कोणी वाली नसतो. आता सिंहस्थाच्या तयारीत तर सगळ्यांची नजर रामकुंड आणि त्र्यंबककडे राहणार.

म्हणून माझा सल्ला असा की, विश्वस्तांनी प्रस्ताव जरूर द्यावा, पण हात जोडून वाट पाहू नये. अधिसूचना निघेपर्यंत मंदिर तुमचेच आहे आणि जमलेली वर्गणीही तुमच्याच हातात आहे. तीतून आधी एखाद्या संवर्धन वास्तुविशारदाकडून आराखडा करून घ्यावा आणि छप्पर, पन्हळ व शिखराचे काम चुन्यात करावे. ठेकेदाराशी करार करताना साहित्याची यादी, नमुन्याचे काम आणि देयकाचे टप्पे लेखी ठेवावेत. ‘जीर्णोद्धाराचे संपूर्ण काम’ या तीन शब्दांवर पैसे देऊ नयेत. निवृत्त संवर्धक यांना विचारावेसे वाटते की, प्रस्ताव विचाराधीन असताना असे काम केले तर विभागाची हरकत येते काय?

निवृत्त संवर्धक

ताई, आपला मुद्दा रास्त आहे. अधिसूचना निघण्यापूर्वी कायद्याचे बंधन लागू होत नाही, तरीही प्रस्तावासोबतच आराखडा कार्यालयाला सादर करून तांत्रिक सल्ला मागावा. लेखी उत्तर आले तर उत्तम. न आले तरी आपण कळवले होते, याची नोंद राहते. काम करण्याआधीची, करतानाची आणि नंतरची छायाचित्रे एकाच ठिकाणी उभे राहून घ्यावीत. पुढे पाहणी होईल तेव्हा मूळ काय आणि नवे काय, हे त्यांवरूनच ठरेल. माणसे कमी आहेत, हे आपले निरीक्षणही मी नाकारत नाही. पण यादीबाहेर राहिलेल्या वास्तूसाठी तर कोणालाच जबाबदार धरता येत नाही, म्हणून मी अजूनही यादीच्या बाजूने आहे.

इतिहास अध्यापक यांचे उत्तर

प्रस्तावासोबतच्या माहितीविषयी थोडेसे. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ ही आख्यायिका जरूर नोंदवावी, पण तीवर थांबू नये. नाशिक जिल्ह्याचा १८८३ चा इंग्रज अमदानीतील गॅझेटिअर पाहावा, त्यात गावोगावच्या जुन्या वास्तूंच्या नोंदी आहेत. इनामाची, दिवाबत्तीच्या वर्षासनाची कागदपत्रे पुजाऱ्यांच्या किंवा पाटलांच्या घरी असतील तर त्यांची छायाचित्रे घ्यावीत. शिखराचा नंतरचा भाग कोणत्या काळात बांधला गेला, याचा धागा बहुधा तेथेच सापडतो.

वीरगळांकडे विशेष लक्ष द्यावे. ते शंभर वर्षांहून जुने असल्याने १९७२च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे ते कोणाला देणे, विकणे किंवा नव्या मंडपाच्या भिंतीत बसवणे टाळावे. खालच्या चौकटीत पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा, असा क्रम शेंदराखाली चाचपडून कळतो काय, ते पाहावे. शेंदूर खरवडू मात्र नये, नवा थर चढवणे थांबवले तरी पुरे. आमच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने मंदिराचा मोजमापांसह तलविन्यास, म्हणजे जमिनीवरच्या मांडणीचा नकाशा, काढून देता येईल. बारवेचा गाळ काढताना मूर्तीचा तुकडा किंवा नाणी सापडली तर काम थांबवून तहसीलदारांना आणि पुरातत्त्व कार्यालयाला कळवावे. भूमिगत धनाचा १८७८चा कायदा अजून अमलात आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे.

कादवाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर प्रस्तावाचा ठराव घेतला आहे. ठेकेदाराचे अंदाजपत्रक तूर्त बाजूला ठेवण्यास विश्वस्तांनी मान्यता दिली, मात्र मंडपाचा विषय पूर्णपणे मिटलेला नाही. छपरावरची माती आणि पन्हळ तरुण मंडळी साफ करत आहेत. अध्यापक सरांना व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

शेवटची विचारणा, बारवेतला मोटरीचा ओटा मुलांनी उत्साहाने फोडायला घेतला होता, तो मी थांबवला. तो काढून टाकणे योग्य होईल काय?

चुनाकाम

थांबवलेत ते बरे केले. मोटर, पाइप आणि विजेच्या तारा काढून घ्याव्यात, ओटा मात्र तूर्त राहू द्यावा. घणाचे घाव थेट कोनाड्याच्या दगडांना बसतात आणि त्यामागची माती ओली असल्यास वरचा पायऱ्यांचा टप्पा सरकू शकतो. आधी गाळ निघून बारवेच्या भिंतीची फुगवटी दिसू द्यावी. नंतर उन्हाळ्यात, कोनाड्याला लाकडी टेकू देऊन, छिन्नीने थोडे थोडे करून तो काढता येईल. टेकू कसा द्यायचा, ते जागेवर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ओट्याची आणि त्याच्या वरच्या दोन थरांची जवळून घेतलेली छायाचित्रे येथे टाकावीत.